दुसरी वही

कुसुमताई वेखंडे कागदाकडे बघण्याच्या आधीच त्यावर निकाल लिहीत. प्रिंटरमधून कागद बाहेर पडला की तो पालथा टेबलावर ठेवायच्या, मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने ‘नाय’ असं लिहायच्या, खाली तारीख घालायच्या आणि मग कागद उलटून चष्मा लावायच्या. त्यांना असं करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या खोलीचा प्रमुख होऊन चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांच्या प्रमुखाला येतो तेवढा राग मला आला.

“ताई, आधी बघा, मग लिहा,” मी म्हणालो.

“बघितल्यावर कोनीबी लिवल,” त्या म्हणाल्या. “बघितला का जीव लागतो त्याच्यावर. खरा असावा असं वाटाया लागतं. म्हनून पयलं नाय धरायचं. तो खरंच खरा आसंल तर मला खोडाया लावल.”

“आणि चुकून खरा असून नाही लावलं तर?”

“तर तुमी हाव ना. दुसरा डोळा कशाला ठेवलाय सरांनी?”

माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. मला ते जमलेलं नाही. ताईंना जाऊन आता वर्षं झाली, तरी मुरबाडची एस.टी. किन्हवलीच्या थांब्यावर उभी राहिली की माझं डोकं फिरतं. त्या राग यावा अशाच होत्या. हट्टी, तिरकस, आणि नव्याण्णव वेळा बरोबर. शंभराव्या वेळेची ही हकीकत आहे.

आमची खोली शहापूरला, बाजाराच्या रस्त्यावर खताच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली युरियाच्या गोणी आणि वर दोन संगणक, एक प्रिंटर, एक कपाट आणि आम्ही दोघं. नव्वदच्या दशकात परदेशी लोकांनी एक दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत ठेवली होती. तिच्या आठ कोपऱ्यांवर आठ डोळे होते. विश्वात फार फार दूर, बहुधा एखादा प्रचंड तारा कोसळताना, काही सेकंदांपुरता गॅमा किरणांचा स्फोट होतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, त्या आठ डोळ्यांना दिसायचा. आकडे ठरावीक रेषेच्या वर गेले की दुर्बिणीतलं यंत्र आपणहून घंटा वाजवायचं. पण यंत्र ते यंत्र. सूर्यावर काही खदखदलं तरी वाजवायचं, पृथ्वीच्या आसपास अडकलेल्या कणांच्या लोंढ्यातून दुर्बीण गेली तरी वाजवायचं. आणि खरे पण मंद स्फोट मात्र घंटा न वाजवताच निघून जायचे. मी तिथे लागलो तोवर दुर्बीण समुद्रात पाडूनही झाली होती. शिल्लक होता तो तिने जमवलेला आकड्यांचा डोंगर.

तो डोंगर उपसून घंटा न वाजलेले मंद स्फोट शोधायचे, ही मुंबईच्या एका संस्थेतल्या आमच्या सरांची कल्पना. तोवर असं काम यंत्राला धड जमत नव्हतं, माणसाच्या नजरेनेच करायला लागायचं. मुंबईत त्यासाठी माणसं परवडत नव्हती, म्हणून शहापुरात खोली घेतली. सीडींचा गठ्ठा आठवड्याला एस.टी.ने यायचा, आणि त्यातल्या आकड्यांचे आलेख आम्ही कागदावर छापून तपासायचो. मी भौतिकशास्त्राचा ताजा एम.एस्सी., मुरबाडचा पष्टे. मला प्रमुख केलं आणि नजरेच्या कामासाठी मुलाखती ठेवल्या.

ताई मुलाखतीला आल्या तेव्हा चाळिशीच्या जवळ होत्या. बारावी सायन्स, किन्हवलीला घर, नवरा लवकर गेलेला. सरांनी विचारलं, “गॅमा किरण म्हणजे काय, माहीत आहे?”

“नाय.”

“मग हे काम कसं कराल?”

“मी अकरा वर्षं आरोग्य केंद्रात हिवतापासाठी रक्ताच्या काचा बघितल्यात,” ताई म्हणाल्या. “एका काचेत शंभर जागा बघायच्या, मंग नाय म्हनायचं. हजार तापांत दहाच हिवतापाचे असतात. ते दहा सोडायचे नायत आनि बाकीच्यांना उगाच गोळ्या द्यायच्या नायत. तुमचं काम याच्याहून येगळं हाय का?”

वेगळं नव्हतं. सरांनी त्यांना जागच्या जागी घेतलं, आणि ही सरांची एक गोष्ट मी त्यांच्या खात्यावर चांगली म्हणून धरतो. दुसरी मला आठवत नाही.

आरोग्य केंद्रातली शिस्तही त्यांच्याबरोबर आमच्या माडीवर आली. दोन वह्या. पहिली ताईंची, दुसरी माझी. पहिली तपासणी त्यांनी करायची, दुसरी मी, आणि एकाने दुसऱ्याची वही बघायची नाही. शनिवारी दुपारी दोन्ही वह्या उघडायच्या, त्यांनी त्यांची ओळ वाचायची, मी माझी वाचायची. नंबर, वेळ, कोणत्या डोळ्यात जास्त, कोणत्या डोळ्यात कमी, निकाल. जिथे जमणार नाही तिथे पुन्हा कागद काढायचा. शाईचं पेन, खोडरबर बंद. चूक झाली तर एक काट मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि शेजारी सही. पेन्सिल फक्त कागदाच्या त्या ‘नाय’पुरती.

महिन्याभरात त्यांनी आकड्यांच्या सगळ्या खोट्या उसळ्यांना आपली नावं दिली. सूर्याकडून आलेला तो ‘उन्हाचा’. दुर्बीण पृथ्वीच्या आडून बाहेर येताना एखादा कायमचा तळपणारा तारा एकदम उघडा पडतो आणि आकडे चढून तिथेच राहतात, ती ‘पायरी’. आणि कणांचा लोंढा, जो आठही डोळ्यांत जवळजवळ सारखा दिसतो, ते ‘उंदीर’.

“लांबचा पावना आला तर एका दाराशी येतो,” त्या मला समजावत. एम.एस्सी.ला, हे लक्षात घ्या. “पुढच्या डोळ्यांना जास्त दिसंल, पाठच्यांना कमी. चारी बाजूंनी एकाच टायमाला घुसतात ते पावने नसतात, उंदीर असतात.”

हे सगळं मला पुस्तकातून येत होतं. पण पुस्तकातून येणं आणि कागदावर बोट ठेवून “ह्यो उन्हाचा” म्हणणं यात फरक आहे. तो फरक मला रोज दिसायचा आणि रोज झोंबायचा. मला त्या ‘मास्तर’ म्हणत. मी फार समजावून सांगतो म्हणून.

एका सकाळी सर मुंबईहून गाडी घेऊन थेट वर आले. हातात त्यांनी स्वतः काढलेला एक आलेख होता. उंच, टोकदार, देखणा. कोणाकोणाला फोन करूनही झाले होते.

“ताई, हा बघा. क्लासिक आहे. घंटेनेही सोडलेला आणि सगळ्यांनीच सोडलेला.”

ताईंनी कागद पालथा केला, ‘नाय’ लिहिलं. सरांचा चेहरा तिथेच उतरला. मग त्यांनी कागद उलटला, पाच मिनिटं पाहिला आणि विचारलं, “त्या टायमाला सूर्य कुठल्या कोपऱ्याला होता, सर?”

सरांना ठाऊक नव्हतं. ताईंनी ड्रॉवरमधून स्वतः भरलेला तक्ता काढला, ओळीवर पट्टी ठेवली. “दोन आनि चार. तुमच्या कागदात जास्त कुठं हाय? दोन आनि चार. उन्हाचा हाय.”

सर चहा न घेता गेले. जिन्यावरून त्यांची पावलं उतरल्यावर मी हसलो, तर ताई माझ्यावरच उखडल्या. “हसताव कशाला? त्यांना खरा पायजे होता म्हनून त्यांना खरा दिसला. उद्या तुमाला घाई झाली का तुमीबी असंच करशाल.” मला राग आला. मी काय केलं होतं? त्या दिवसापर्यंत तरी काहीच नाही.

संध्याकाळी आम्ही एकाच एस.टी.ने जायचो. शहापूर, शेणवा, किन्हवली, पुढे मुरबाड. ताई किन्हवलीला उतरायच्या. एकदा शेणव्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. ताई डोंगराच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. मी सहज विचारलं की आरोग्य केंद्रातली नोकरी का सोडली.

“तो पाडा दिसतो? टेकाडाच्या अंगाला, तीन-चार घरं?”

मला झाडांशिवाय काही दिसत नव्हतं.

“तिथली एक बाई वीटभट्टीवरनं ताप घेऊन आली. काच माझ्याकडं. मी नाय लिवलं. शंभर जागा बघितल्या होत्या का, तर नव्हत्या बघितल्या. त्या दिवशी काचांची रास होती. साठ-सत्तर बघितल्या आसतील. बाई चौथ्या दिवशी गेली. आमच्या काचा फेरतपासणीला ठाण्याला जायच्या. तिथल्यानं तीच काच बघितली आनि लिवलं, हिवताप हाय. म्हंजे दुसऱ्या डोळ्याला सापडला. मला सापडला नाय.”

मी पुन्हा टेकाडाकडे बघितलं. झाडंच होती.

“ठाण्याचा कागद आला तसं डॉक्टर म्हनला, बाई, तुमचीबी अडचन, माझीबी अडचन. काचेचा नंबर बदला. ही काच दुसऱ्या गावची म्हना. मी बदलला. भ्याले होते. आता मला सांगा मास्तर, कागदावर त्या पाड्यात हिवताप ऱ्हायला का? नाय ऱ्हायला. डासांचा फवारा कुठं गेला? ज्या गावाचं नाव टाकलं तिथं. पाड्यावर कोन गेलाच नाय. पंधरा दिवसांत तिचा दीर गेला आनि सासू गेली. पयली चूक माझ्या डोळ्याची होती. ती मानूस करतो. पुढची दोन मानसं मी पेनानं मारली.”

गाडी सुरू झाली. त्यांनी नोकरी कधी सोडली हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण खोडरबर का बंद आहे ते मला कळलं. कळलं होतं, म्हणूनच पुढचं सांगताना मला स्वतःची कणव येत नाही.

दुसऱ्या वर्षी मी दुसरी वही नक्कल करून भरायला लागलो.

कारण देणार नाही. घरात आजारपण नव्हतं, वीज नेहमीइतकीच जायची, काम नेहमीइतकंच होतं. कंटाळा आला होता. रोज तेच आलेख आणि रोज निकाल तोच, ताईंचा. वर्षभरात शनिवारच्या वाचनात आमचं जमलं नाही असं जेव्हा जेव्हा झालं, तेव्हा तेव्हा माझं चुकलं होतं. मग माझी नजर हवी कशाला? प्रमुख म्हणून कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. शुक्रवारी त्या जेवायला खाली गेल्या, की मी पहिली वही काढायचो आणि दुसरीत उतरवायचो. रोज नाही. राहिलेली पानं तेवढी. शनिवारी दोघं वाचायला बसायचो आणि सगळं छान जमायचं.

मग परदेशातल्या एका गटाची यादी छापून आली. त्यांनीही तोच डोंगर उपसला होता, त्यांच्या रीतीने. त्यांना सापडलेले मंद स्फोट आणि आम्हाला सापडलेले, आम्ही ताडून बघितले. आम्ही तपासलेल्या महिन्यांतले त्यांचे सगळे आमच्याकडे होते. एक सोडून.

तो आमच्याही कागदांत होता. लांबलचक, मंद, आणि नेमका एका पायरीच्या वेळी आलेला. पहिल्या वहीत ‘पायरी’ आणि निकाल ‘नाय’. दुसऱ्या वहीत ‘पायरी’ आणि निकाल ‘नाय’. मी तो कागद त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, नीट पाहिला. पायरीचा तारा होता पाच आणि सहा नंबरच्या डोळ्यांसमोर. आकडे जास्त चढले होते तीन आणि सातमध्ये. कॉलेजातल्या पोराला दिसेल इतकं ढळढळीत. ताईंना पायरीची वेळ माहीत होती, त्यामुळे त्या फसल्या. मला ती पाठ नव्हती. मी बघितला असता तर सापडला असता.

सरांचा शोधनिबंध तयार होता. त्यातला सगळा डौल एका वाक्यावर उभा होता, की आमच्या तपासणीतून एकही ज्ञात स्फोट निसटलेला नाही. म्हणून आम्ही मोजले तेवढेच मंद स्फोट आकाशात आहेत, जास्त नाहीत. एक निसटला म्हटल्यावर आणखीही निसटले असणार, किती ते हिशेबात धरायला हवं, आणि मग निष्कर्षच बदलतो. सरांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, “पष्टे, वह्यांवर चहाचे डाग आहेत. दोन्हींची स्वच्छ प्रत करा. आणि ती एक एन्ट्री करेक्ट करून घ्या. ताईंची सही घ्या पानापानावर.”

मी केली. आठ दिवस बसून सुवाच्य अक्षरात केली. त्या ओळीला ‘नाय’च्या जागी ‘खरा’ लिहिलं, दोन्ही वह्यांत, आणि गठ्ठा ताईंपुढे ठेवला. “सह्या करायच्यात, ताई. सरांना घाई आहे.”

दुसरं कोणी असतं तर अर्ध्या तासात सह्या झाल्या असत्या. ताई वाचायला बसल्या. प्रत्येक ओळ, बोट ठेवून. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट थांबलं.

“ही वळ माझी नाय.”

“सरांनी सांगितलंय...”

“सरांचं मंग बघू. अक्षर कोनाचं?”

“माझं.”

त्यांनी चष्मा काढला. “मी काय लिवलं होतं?”

“पायरी. नाय.”

“आनि खरं काय निघालं?”

मी परदेशी यादी दाखवली. मूळ कागद काढून दिला. त्या बराच वेळ पाहत होत्या. तीन आणि सातवर बोट ठेवलं आणि स्वतःशीच मान हलवली. मला वाटलं, आता सही करतील. स्वतःची चूक झाकली जात असताना कोण नाही म्हणेल?

“निसटला माझ्याकडनं,” त्या म्हणाल्या. “मंग तसंच लिव. निसटला म्हनून लिवलं तर पुढच्याला कळंल, ह्या चाळनीला भोक हाय. केवढं हाय तेबी कळंल. तू भोक बुजवलं नायस रे. वरनं कागद चिकटवलास.”

दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं.

“ताई, तुमचं काम जाईल.”

“जाऊ दे. आरोग्य केंद्रातलंबी मी सोडलंच होतं.” मग त्यांनी विचारलं, “आनि दुसऱ्या वहीत काय होतं? तुझ्या?”

“नाय.”

“पायरी?”

“पायरी.”

“हां,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीतून खालच्या गोणी मोजत होतो.

सर म्हणाले, तिची सही नको, तुझी पुरे, प्रमुख तू आहेस. मी सही केली. निबंध छापून आला. माझं नाव तिसरं होतं. ताईंचं नाव आभारातही नव्हतं. त्यांची मुदत संपली तेव्हा पुढची दिली नाही. ते पत्रही मीच टाइप केलं. जाताना त्या म्हणाल्या, “इंग्रजी माझं नाय. त्या छापनाऱ्यांना तू कळव. माझ्या नावानं चूक छापू दे.” मी म्हणालो, कळवतो.

पाच वर्षं मी कळवलं नाही. त्या निबंधाच्या जोरावर मला मुरबाडच्या बाजूला एका कॉलेजात जागा मिळाली होती आणि जागा पक्की व्हायची होती. मग पक्की झाली. मग लग्न झालं. पत्र न लिहायला माणसाला काही कमी पडत नाही. सरांना शिव्या घालणं मात्र मी एक दिवस चुकवलं नाही. बायकोला सरांचं नाव ऐकून कंटाळा आला होता.

एका वर्षी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत वर्गातल्या निम्म्या मुलांची निरीक्षणं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी निघाली. एकमेकांची उतरवलेली. मी भयंकर चिडलो. प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोललो. बोलता बोलता माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला आणि मी मध्येच वर्ग सोडला. त्या आठवड्यात निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलं.

त्यांनी शुद्धिपत्र छापलं. अर्धं पान. एक ज्ञात स्फोट पहिल्या तपासणीत कुसुम वेखंडे यांच्याकडून निसटला होता, नोंद नंतर बदलण्यात आली, सबब मंद स्फोटांची संख्या वाढवून धरावी. सरांचा फोन आला. त्यांनी मला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना जे म्हटलं तेही नाही. फोन ठेवल्यावर वर्षानुवर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि ते पान घेऊन मी किन्हवलीला गेलो.

ताई ओटीवर खाटेवर होत्या. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून दोनदा कल्याणला न्यायला लागायचं. पाय सुजलेले होते. नजर तीच. मी पान दिलं. त्यांनी आपलं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “वाच.”

मी मराठी करून वाचलं. एकेक वाक्य. शाबासकीची वाट बघत, हे कबूल करतो.

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “पयली तपासनी आली. दुसरी कुठं हाय?”

“दुसरी म्हणजे?”

“दुसरी वही. दुसऱ्या डोळ्याचं काय झालं ते लिवलं नायस.”

मी म्हणालो, दुसऱ्या तपासणीतही तो निसटलाच होता, त्यात वेगळं काय लिहायचं.

“निसटला नाय,” ताई म्हणाल्या. “त्या पानावर मी एका ठिकानी वेळ चुकीची टाकली होती. खालच्या वळीतली वर गेली होती. शुक्रवारी जेवून आल्यावर मला दिसली, मी काट मारून सही केली. शनिवारी तू तुझी वही वाचलीस. तीच चुकीची वेळ वाचलीस. तुझं ध्यान नव्हतं, आनि मी तशीच पुढं गेले.”

मग मला राग आला. असा, की आवाज चढला. आजारी बाईसमोर चढला. “तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? त्याच शनिवारी बोलला असतात तर मी तो कागद बघितला असता. तो सापडला असता, ताई. पुढचं काहीच झालं नसतं. तुमचं काम गेलं नसतं. का नाही बोललात?”

“पोरगा सांगल म्हनून थांबले,” त्या म्हणाल्या. “आज सांगल, उद्या सांगल. तुझी चूक मी कशी लिवू? मंग लई दिवस झाले.” त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. “मी गप बसले ती माझी दुसरी चूक. तुझी लिवशील तवा तीबी लिव.”

ताई त्यानंतर दोन महिन्यांनी गेल्या. मी मासिकाला दुसरं पत्र पाठवलं होतं, त्या असतानाच. त्यांचं उत्तर ताईंच्या दहाव्यानंतर आलं. निष्कर्षात फरक पडत नसल्याने एकाच निबंधाला दुसरं शुद्धिपत्र देता येत नाही, क्षमस्व. फरक पडत नाही म्हणे. मी ते उत्तर फाडलं आणि मग उगाच फाडलं असं वाटून चिकटवून ठेवलं.

त्यांनी छापलं नाही म्हणून इथे लिहितो. त्या आठवड्याची दुसरी तपासणी झालेलीच नव्हती. दुसरी वही ही पहिलीची नक्कल होती आणि ती मी केली होती. कुसुम वेखंडे यांना हे त्याच शनिवारी कळलं होतं, आणि त्या बोलल्या नाहीत.